धीर, आधार, हमी

वाईट काळाबद्दल आपण दोन तऱ्हांनी बोलतो. दुसऱ्याची समजूत काढताना म्हणतो, ‘हेही दिवस जातील.’ स्वतःचं सांगताना मात्र म्हणतो, ‘कसे दिवस काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.’ दोन्ही खरं आहे. दिवस सरतातच; पण ते सरेपर्यंत माणूस टिकायला हवा. महाराष्ट्राला ही समज दुष्काळांनी दिली, आणि ती यायला काही शतकं जावी लागली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. भुकेल्या लोकांसाठी त्यांनी बिदरच्या बादशहाचं कोठार उघडलं, आणि पुढे विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याचे पैसे भरले. या कथेत देव पाऊस पाडत नाही. तो येतो कोठार उघडून झाल्यावर, बाकी चुकती करायला. कुलूप आधी माणसालाच काढावं लागतं.

1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. घरात पिढीजात सावकारी होती. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हवाली केला आणि आपला इंद्रायणीत सोडून दिला. मला यात वैराग्यापलीकडचंही काही दिसतं. पाऊस परत येतो, शिवार हिरवं होतं. पण खत पेटीत शाबूत असेल, तर कुळाचा दुष्काळ काही हटत नाही. तो कागदच बुडवावा लागतो.

इथवर एकेका थोर माणसाच्या करुणेची गोष्ट होती. 1876-77 च्या दुष्काळात ही करुणा संघटित झाली. सत्यशोधक समाजानं भुकेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. 20 एप्रिल 1877 रोजी सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. दुष्काळी मुलखात उभं राहून लिहिलेलं ते पत्र आहे. पुण्यात सार्वजनिक सभा सरकारकडे दुष्काळाची वस्तुस्थिती मांडत होती. पुढे 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. लोकांना जगवणं हे सरकारचं काम आहे, हे कागदावर आलं. पण ते उपकाराच्या भाषेत आलं. द्यायचं किती आणि कधी, हे देणाराच ठरवणार होता.

मग 1972 उजाडलं. ते साल पाहिलेल्या घरांत मिलो आणि सुकडी हे शब्द आजही निघतात. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा कोरडा आहार. गावोगावी खडी फोडण्याची कामं निघाली. माळावर उन्हात बायका ओळीनं बसलेल्या, हातात हातोडी, डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढलेला. बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं मूल. संध्याकाळी मुकादम ढीग मोजणार, हजेरी लागणार, आठवड्यानं पगार हाती येणार. त्या बाईला ‘धीर धर’ असं सांगणारे पुष्कळ असतील. तिला खरा धीर त्या हजेरीपटावरच्या नावानं दिला.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आधीच या कल्पनेचा प्रयोग केला होता. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. गावच्या दुष्काळाचा काही भार शहरानं उचलला. काम मागणाऱ्याला ते पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता, असं ठरलं. 2005 मध्ये देशानं याच धर्तीवर कायदा केला. मागणारा हात आता याचकाचा राहिला नव्हता, हक्कदाराचा झाला होता.

मराठीतली क्रियापदंच हा प्रवास सांगतात. धीर धरायचा असतो, आधार द्यायचा असतो, हमी मागता येते. धीराचं ओझं संकटात सापडलेल्यावर असतं, आधाराचं शेजाऱ्यावर आणि हमीचं सगळ्या समाजावर. हमीची मजुरी वेळेवर मिळाली नाही, की ते ओझं पुन्हा एकट्या माणसाच्या डोक्यावर येतं. कर्जानं खचलेला शेतकरी रात्री जागा असतो, तेव्हा दिवस पालटतात हे त्याला माहीत नसतं असं नाही. तोवर आपण तगू, एवढाच भरवसा त्याला उरलेला नसतो.

म्हणून ‘हेही दिवस जातील’ हे वाक्य मी टाकून देणार नाही. ते म्हणताना आपल्या हातात काय आहे, हे मात्र बघायला हवं. कोठाराची किल्ली, बुडवायचा कागद, चार दिवसांचं काम, निदान रात्रभर सोबत बसण्याची तयारी. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी पाझर तलाव खोदले, तेव्हा त्यांत साठवायला थेंबही नव्हता. तरी बांध घातला गेला. पुढे पाऊस आला, तेव्हा पाणी अडवायला तो जागेवर होता.