वळण आणि स्वातंत्र्य

प्राथमिक शाळेत असताना दर सोमवारी प्रार्थनेनंतर आमच्या वर्गात नखांची तपासणी होत असे. मी वर्गप्रमुख होतो. हातात लाकडी फूटपट्टी घेऊन रांगांमधून फिरण्याचा, आणि ज्यांच्या नखांत मळ दिसेल त्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्याचा अधिकार गुरुजींनी मला दिला होता. एक नाव बहुधा प्रत्येक सोमवारी फळ्यावर असे. तो मुलगा निमूटपणे व्हरांड्यात जाऊन उभा राही. पुढे पुढे तर मी त्याच्यापाशी पोचण्याआधीच तो उठू लागला. त्या पावसाळ्यानंतर त्याने शाळा सोडली. नखांमुळेच सोडली, असे मी म्हणू शकत नाही; घरच्या अडचणी अनेक असतील. पण बऱ्याच वर्षांनी काही कामानिमित्त त्याच्या वस्तीवर जाण्याचा प्रसंग आला. तेथल्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी अजूनही ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जात होत्या. ते पाहिले आणि ती फूटपट्टी मला एकाएकी आठवली.

आमच्या घरी तांब्याचा बंब पहाटे पेटत असे. परसात आड होता. रविवारी आजी मला उन्हात बसवून माझी नखे काढी, आणि हातपाय धुतल्याशिवाय ती मला पानावर बसू देत नसे. माझी नखे स्वच्छ होती यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. ते आजीचे, बंबाचे आणि आडाच्या पाण्याचे होते. तरीही फळ्यावर ते नाव लिहिताना मी चांगला आणि तो वाईट, असेच मला वाटे. आज मागे वळून पाहताना जाणवते की, माझ्या शरीराचे पुष्कळसे आरोग्य मी कधीच न निवडलेल्या गोष्टींवर उभे आहे. वेळेवर झोपणे, सावकाश जेवणे, रात्री दात घासून मगच अंथरुणावर पडणे, या साऱ्या गोष्टी मला विचारून ठरलेल्या नव्हत्या. मग मनात प्रश्न येतो : दुसऱ्याच्या आयुष्यावर असा कायमचा ठसा उमटवण्याचा अधिकार मोठ्यांना कोठून मिळतो? आणि ज्याला असा ठसा लाभला, त्याच्याकडे कोणाचे काही देणे राहते काय?

आपल्या भाषेत या प्रश्नाचे धागे आधीपासूनच विणलेले आहेत. आपण सवय ‘लावतो’ आणि सवय ‘लागते’. लावणारा एक, आणि जिला ती लागते ती व्यक्ती दुसरी. या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत मूल उभे असते. छंद लागतो, लळा लागतो, व्यसनही लागते. भाषेने या सर्वांना एकच क्रियापद दिले आहे, जणू लागण्याच्या क्षणी त्यांच्यात भेद करता येत नाही हे तिला ठाऊक आहे. पक्की झालेली गोष्ट ‘अंगवळणी’ पडते. तिचे स्थान अंगात, मनात नव्हे. तान्ह्या बाळाला पाजतात ते ‘बाळकडू’. ते पाजताना बाळाची संमती कोणी घेत नाही. आणि ‘वळण’ हा शब्द तर अक्षरालाही लागतो, रस्त्यालाही लागतो आणि शेतातल्या पाटाच्या पाण्यालाही. पाण्याला वळण देणारा शेतकरी पाण्याचा वेग निर्माण करीत नाही. तो दोन फावडी माती इकडची तिकडे करतो, आणि पुढचा सारा प्रवास पाणी आपला आपण करते.

या मातीच्या दोन फावड्यांविषयी विचारवंतांत मोठा मतभेद आहे. ॲरिस्टॉटलच्या मते नैतिक गुण माणसाला जन्मतः मिळत नाहीत आणि नुसत्या उपदेशानेही येत नाहीत. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागता वागता तो न्यायी होतो. म्हणूनच लहानपणापासून कोणती सवय लागते याला त्याने सर्वाधिक महत्त्व दिले. याच्या अगदी उलट टोकाला रूसो उभा आहे. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमील’ या ग्रंथात मुलाला कोणत्याच सवयीचा गुलाम होऊ देऊ नये, असा त्याचा आग्रह दिसतो. शिक्षणावरील व्याख्यानांत कांटही जवळपास हेच सुचवतो : सवयी जितक्या अधिक, तितके स्वातंत्र्य कमी. मुलाची बुद्धी जागी होण्याआधीच त्याच्या अंगाला वळण देऊन ठेवणे म्हणजे, त्याच्या मते देण्याच्या वयाची वाट न पाहता त्याच्या वतीने मतदान उरकून घेणे, असे या पक्षाचे म्हणणे थोडक्यात मांडता येईल.

हा आक्षेप हलका नाही. परंतु बुद्धी जागी झाली म्हणजे हात आपोआप तिचे ऐकतो, हे त्याचे गृहीतक अनुभवाला उतरत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांतच झपाट्याने उतरले. आकडे समोर होते, आणि वाचणारे लोक युरोपातले अत्यंत बुद्धिमान लोक होते. तरीही त्यांच्यापैकी अनेकांनी ती गोष्ट नाकारली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात सेमेलवाइसचा अंत झाला, तेव्हाही हात धुणे ही वैद्यकाची सर्वमान्य रीत झालेली नव्हती. आपल्याच हातांविषयी काही नवे शिकणे प्रौढ माणसाला किती अवघड जाते, याचे यापेक्षा करुण उदाहरण मला माहीत नाही. तेव्हा मुलाला वळण न लावणे म्हणजे त्याला मुक्त ठेवणे, असे होत नाही. रिकामी जागा रिकामी राहत नाही. पाटाला कोणी वळण दिले नाही तरी पाणी उताराकडे जातेच.

येथवरचा युक्तिवाद आजीच्या बाजूने गेला. पण आजीचा आणखी एक संस्कार मला सांगितला पाहिजे, कारण तो सांगितल्याखेरीज हा विषय प्रामाणिकपणे पुरा होणार नाही.

आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप पालथा घालून ठेवलेला असे. शेतावरचा गडी आला की आजी त्याला त्या कपात वरून चहा ओती. चहा पिऊन झाला की तो कप स्वतःच विसळून पुन्हा जागच्या जागी ठेवी. अंतर राखून वरून ओतण्याचे ते कौशल्य मी सहा-सात वर्षांचा असतानाच शिकलो. ते मला कोणी शब्दांनी शिकवले नाही. हातपाय धुणे ज्या हातांनी, ज्या मायेने आणि ज्या ‘स्वच्छते’च्या नावाखाली शिकवले गेले, त्याच हातांनी आणि त्याच नावाखाली हेही शिकवले गेले. पुढे मी पुस्तके वाचली, सभांतून बोललो, अस्पृश्यतेचा मनापासून धिक्कार केला. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी प्रथमच गेलो. त्याच्या आईने पाण्याचा पेला पुढे केला, आणि माझा हात क्षणभर थबकला. मन केव्हाच पुढे गेले होते; हात मागे राहिला होता. मी पाणी प्यायलो. मित्राने तो क्षण पाहिला की नाही, हे त्याला विचारण्याचे धैर्य मला आजवर झाले नाही.

म्हणजे सवयीला स्वतःची नीती नसते. ती जितक्या निष्ठेने आरोग्य वाहून आणते, तितक्याच निष्ठेने अन्यायही वाहून आणते. १९२७ साली डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली, ती त्यात शेण आणि गोमूत्र ओतून. शुद्धतेची सवय आरोग्याच्या विचारापासून तुटली म्हणजे कोठवर जाते, हे त्या घटनेत दिसते. आणि त्याहून कठोर गोष्ट अशी की, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्याच मुलांच्या नखांतला मळ आमच्या वर्गातल्या फळ्यावर लिहिला जात होता.

मग चांगले वळण आणि वाईट वळण यांत भेद कसा करावा? पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घ काळ, सातत्य आणि आदर. पहिल्या दोन आपण मुलांकडून कडकपणे वसूल करतो. तिसरी विसरून जातो. तेथे हा आदर साधकाने आपल्या साधनेविषयी बाळगायचा आहे, हे खरे. पण मुलाच्या बाबतीत तो आधी देणाऱ्याने दाखवावा लागतो, तेव्हाच मुलाच्या मनात उतरतो. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथील एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना रुमालाने नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला : हळूच, आवाज न करता, कोणाचे लक्ष जाणार नाही असे. पाठ संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. माँटेसोरी चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले की, नाकावरून या मुलांना जन्मभर बोलणी बसली होती, परंतु ते कसे करायचे हे शांतपणे कोणी दाखवलेच नव्हते. लाज वाटायला लावणे आणि शिकवणे यांतले अंतर त्या टाळ्यांनी मोजून दिले आहे.

माँटेसोरींचा हा विचार गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या बालमंदिरात रुजवला. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो मराठी मुलखात आणला. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येईनात. त्यांची नावे फळ्यावर न लिहिता या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-गोष्टी. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून आला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली आदिवासी मुले गुरांमागे कुरणात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज हा शब्द भारताच्या दूरदूरच्या खेड्यांत ऐकू येतो. त्यामागची नैतिक भूमिका मात्र त्याच्याइतकी दूर पोचली आहे, असे म्हणवत नाही. ती भूमिका साधी आहे : ज्याला सवय लावायची, त्याच्या अंगणापर्यंत आधी पाणी घेऊन जा.

मला वाटते, वळण लावण्याचा अधिकार येथेच मिळतो. तो वयाने मिळत नाही आणि नात्यानेही मिळत नाही. ओझे वाटून घेण्याने मिळतो. जे वळण मी स्वतः पाळत नाही, ज्याची साधने मी पुरवत नाही, आणि ज्याचे ‘का’ मुलाने उद्या विचारले तर मला तोंड लपवावे लागेल, ते लावण्याचा मला अधिकार नाही. हात का धुवायचे, याला उत्तर आहे, आणि मूल मोठे होईल तसे ते अधिकाधिक खरे ठरते. चहा वरून का ओतायचा, याला आजीकडे उत्तर नव्हते. मी एकदा विचारले तेव्हा तिने केवळ माझ्याकडे रोखून पाहिले होते. म्हणून इतर सर्व सवयींच्या बरोबरीने मुलाला ‘का’ विचारण्याचीही सवय लावली पाहिजे. रूसोच्या आक्षेपाला मला सुचलेले उत्तर एवढेच आहे. बाकीच्या सवयी मुलाला धरून ठेवतात. ही एक सवय त्यांची गाठ सैल ठेवते.

आणि थोडी क्षमाही हवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ प्रौढ स्वयंसेवकांच्या सवयी कशा घडतात याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४, असे त्यांना आढळले. मध्येच एखादा दिवस चुकला, तर घडणाऱ्या सवयीची फारशी हानी होत नाही, हेही दिसून आले. मोठी माणसे जर एकमेकांपासून इतकी वेगळी असतील, तर चाळीस मुलांना एकाच सोमवारी एकाच फूटपट्टीने मोजणे हा न्यायाचा आभास होता, न्याय नव्हता.

आता रविवारी उन्हात बसून मी नातीची नखे काढतो. आजीची ती रीत माझ्या हातात उतरली आहे, आणि ती टाकावी असे मला वाटत नाही. परवा तिने आपला हात सोडवून घेतला, माझा हात ओढून पाहिला आणि विचारले, “आजोबा, तुमची नखं कोण बघतं?” मी तिच्या हातात नखे काढायची कात्री दिली नाही, पण हात दिला. ती एकेक बोट निरखून पाहत होती. त्या वेळी मला एक जुनी गोष्ट प्रथमच लक्षात आली : त्या सर्व सोमवारी रांगेतल्या प्रत्येकाचे हात मी पाहिले, माझे हात मात्र कोणी पाहिले नव्हते.