बीज, गर्भपिशवी आणि तिसरी बाई

आयव्हीएफ आणि सरोगसी समोरासमोर ठेवायच्या आणि त्यांतली एक निवडायची, असं बरीच जोडपी धरून चालतात. नातेवाईकही तसंच बोलतात : ‘तीनदा आयव्हीएफ फेल गेलं ना, मग आता सरोगसी करा.’ ही समजूत कुठून आली ते पाहायला हवं, कारण तिच्यापायी माणसांची वर्षं जातात, दागिने जातात, जमिनी विकल्या जातात.

आयव्हीएफचा मूळ हेतू अगदी मर्यादित होता. जुलै 1978 मध्ये इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या, म्हणून रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित केलं आणि त्याच बाईच्या पोटात सोडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही हे साधलं. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही मुलगी जन्मली आणि देशात हे प्रथम केल्याचा मान त्यांना मिळाला. नंतर आनंदकुमारांनीच मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासून पहिलेपणाचा मान त्यांचा असल्याचं जाहीर केलं. विषय सोडूनही हे सांगावंसं वाटतं, कारण स्वतःच्या नावावरचा मान असा काढून देणारी माणसं फार थोडी.

बीज एकदा शरीराबाहेर फलित होऊ लागलं, की ते त्याच पोटात परत गेलं पाहिजे असं काही उरलं नाही. त्याआधी दुसऱ्यासाठी मूल वाढवणारी बाई स्वतःचंच बीज देत असे. त्यातून काय उभं राहतं ते अमेरिकेतल्या ‘बेबी एम’ खटल्यात दिसलं : जन्म दिलेल्या बाईला मूल सोडवेना, आणि 1988 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने पैशाचा करार बेकायदा ठरवला. आपल्याकडचा कायदा सरोगेटला स्वतःचं बीज देऊ देत नाही. म्हणजे भ्रूण प्रयोगशाळेतच तयार व्हावा लागतो. सरोगसी निवडली म्हणून आयव्हीएफ टळत नाही. बीज वाढवायची इंजेक्शनं आणि बीज काढणं हे सगळं होतंच. बदलते ती फक्त गर्भपिशवी.

म्हणून खरा प्रश्न दोष कुठे आहे हा आहे. जन्मतः गर्भपिशवी नसेल, कर्करोगामुळे काढली असेल, क्षयाने तिचं अस्तर कायमचं खराब झालं असेल (आपल्याकडे हे कारण विसरून चालत नाही), किंवा हृदयविकारामुळे गर्भारपण जिवावर बेतणार असेल, तर सरोगसीला अर्थ आहे. पण बाई चाळिशी ओलांडलेली असेल आणि भ्रूणच नीट बनत नसतील, तर तो भ्रूण दुसरीच्या पोटात ठेवून काय होणार? तिथे वय बीजाचं मोजायचं असतं. शुक्राणूंचा दोष असेल तर 1992 पासून इक्सीची, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजात टोचण्याची, सोय आहे. तरीही कित्येक घरांत सुनेच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर मुलाची वीर्यतपासणी होते. ही सर्वांत सोपी तपासणी आधी का होत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

दरम्यान आपल्या देशात सरोगसीचा बाजार उभा राहिला. गुजरातेतलं आणंद जगभर माहीत झालं. 2008 मध्ये तिथे मांजी ही मुलगी जन्मली, तेव्हा तिला मागणारं जपानी जोडपं विभक्त झालं होतं आणि मूल नेमकं कुणाचं याचं उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2021 चा सरोगसी कायदा आला आणि पैसे देऊन गर्भ वाढवून घेणं बंद झालं. सरोगेट 25 ते 35 वर्षांची, स्वतःचं मूल असलेली हवी. तिने हे आयुष्यात एकदाच करायचं. खर्च आणि 36 महिन्यांचा विमा याव्यतिरिक्त मोबदला नाही.

बाजार थांबला हे योग्यच झालं. पण फुकट केलेली गोष्ट आपखुशीचीच असते, हे मला पटत नाही. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर शोध घरातच सुरू होतो : धाकटी जाऊ, विधवा नणंद, परिस्थितीने गांजलेली चुलत बहीण. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारल्यावर त्यांच्यातली कोण नाही म्हणेल? भ्रूण गर्भपिशवीत सोडेपर्यंत संमती मागे घ्यायचा अधिकार कायद्याने तिला दिला आहे, पण तो तिला एकटीला बसवून, घरातलं कुणीही दाराशी नसताना, तिच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. आणि ती नको म्हणाली, तर त्याचं कारण घरच्यांना कळवायची सक्ती डॉक्टरांवरही नसावी.