होकार आणि निर्णय

दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन मी माझ्या मर्जीनं केलं, असं आजवर सांगत आले. ते खोटं नाही. सासूनं टोमणा मारला नव्हता, नवऱ्यानं दम दिला नव्हता. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. सक्ती नाही म्हणजे स्वातंत्र्य, एवढंच आम्हाला कळत होतं. हल्ली मात्र मन उलटतपासणी घेतं: तुझ्यापुढे वाटा किती होत्या?

तांबी होती, गोळ्या होत्या, ऑपरेशन होतं. आता अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीही आली. यातलं प्रत्येक साधन बाईच्याच अंगावर. पुरुषाची नसबंदी खरं तर सोपी. पोटाला हात लावावा लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची, एवढंच. आमच्या घरात तो विषयच निघाला नाही. नवऱ्यानं नकार दिला असंही म्हणता येत नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

का नाही विचारलं? उत्तर तयार असतं: कामणच्या गोदामात दिवसभर ओझी उचलायची, त्याला अशक्तपणा आला तर घर कसं चालणार? पण टाके ओले असताना पाण्याचे हंडे मी उचललेच की. नसबंदीनं ताकद जात नाही हेही ऐकून होते. म्हणजे भीती ताकदीची नव्हती. चिंचोटी नाक्यावर चार माणसं त्याला हसतील, याची होती. त्याची अब्रू राखायला मी माझं पोट पुढे केलं आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांत सुमारे ४९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं दिसलं. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. त्याच फेरीत देशातल्या सुमारे ३५ टक्के पुरुषांना गर्भनिरोधन ही बायकांचीच बाब वाटत असल्याचं दिसलं. त्यांच्यावर रागावणं सोपं आहे. पण हे त्यांना कुणी शिकवलं? अशा प्रत्येक घरात एक आई होती, आणि मीही मुलाची आई आहे.

हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. आज नियम बाईच्या बाजूचे आहेत: सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची संमती लागत नाही, नसबंदीलाही लागत नाही. तरी ‘यांना विचारून सांगते’ हे वाक्य आमच्या तोंडून आपोआप निघतं. ‘तुम्ही करून घ्याल का?’ हे मात्र निघत नाही.

सुनेनं तांबी बसवून घेतली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मनात पहिलं आलं ते, ‘घरात विचारायचं तरी!’ घरात म्हणजे कुणाला? मुलाला ठाऊक होतं. राहिले मीच. मला कधी न मिळालेली मोकळीक तिनं सहज घेतली, याचा आनंद व्हायला हवा होता, आधी टोचलं. बाईचं शरीर घराच्या मालकीचं, हे माझ्यावर बिंबवलेलं मी तिच्यापर्यंत पोचवायला निघाले होते.

उद्या त्यांना आणखी मूल नको झालं, तर काय करायचं ते दोघांनी ठरवावं. पण ऑपरेशन तूही करून घेऊ शकतोस, हे मुलाला मी सांगायला हवं. आईनं मुलाशी हे कसं बोलायचं, याची लाज वाटते. ‘आता बंद करून टाक’ असं आळीतल्या लेकीसुनांना सांगताना ती कधी वाटली नव्हती.