टेन्शन घेऊ नकोस

लॅबचा रिपोर्ट हल्ली संध्याकाळी मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांची वेळ असते दुसऱ्या दिवसाची. मधली रात्र त्या पीडीएफबरोबर काढायची. ए.एम.एच. ०.८, तेही ठळक अक्षरात, कारण शेजारी छापलेल्या रेंजच्या ते खाली आहे. लंडनच्या चुलतबहिणीचा आकडा ५.७ होता हे नेमकं तेव्हाच आठवतं आणि पोटात गोळा येतो. तिकडे तो पिकोमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे बहुतेक नॅनोग्रॅममध्ये. ०.८ ला ७.१४ ने गुणलं की ५.७ च येतात. पण रात्री एक वाजता हा गुणाकार कोण करणार?

ए.एम.एच. हा हार्मोन अंडाशयातल्या लहान फॉलिकल्समधून येतो. आयव्हीएफमध्ये साधारण किती बीजं हाती लागतील, इंजेक्शनचा डोस किती ठेवावा, याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. बीजाचा दर्जा त्यातून कळत नाही. तो अंदाज वयावरून जास्त येतो. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या बायकांचा एक अमेरिकी अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ए.एम.एच. कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. उपचार घेणाऱ्या बाईला हे जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. तरी त्या ठळक आकड्याकडे आपण निकाल म्हणून पाहतो, तेवढा अधिकार त्याला नाही. (आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगावं. काही लॅबच्या हार्मोन तपासण्या त्याने चुकतात.) नवऱ्याच्या तपासणीचा कागद मात्र घरात कुणी दोनदा उघडून बघत नाही.

आकड्यांची काळजी एक. तिच्यावर घरचे दुसरी चढवतात. “टेन्शन घेऊ नकोस गं, टेन्शनने हार्मोन्स बिघडतात.” सासूबाई म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, रक्त काढणारी सिस्टरसुद्धा प्रेमाने म्हणते. हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारीच्या मनात त्याचा अर्थ असा लागतो, की यावेळी जमलं नाही तर ते माझ्या काळजीमुळे. मग ती काळजीचीही काळजी करू लागते. रडू आलं की आधी पोटाला धक्का बसला का, याची भीती वाटते.

कार्डिफ विद्यापीठातल्या जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न धसास लावला. १४ अभ्यास आणि ३,५८३ बायका. उपचार सुरू होण्याआधी कोण किती चिंतेत होतं हे मोजलेलं होतं आणि पुढे कुणाला दिवस राहिले याची नोंद होती. चिंतेचा आणि त्या सायकलच्या निकालाचा संबंध आढळला नाही. २०११ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. इतक्या वर्षांत ते आपल्या दिवाणखान्यांपर्यंत पोचलेलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

याचा अर्थ मनावरचा ताण किरकोळ आहे असा नाही. त्या ताणापायी कितीतरी जोडपी उपचार अर्ध्यावर सोडतात. म्हणून आधार द्यायचाच, समुपदेशकाकडेही जावं. फक्त निकालाचं खापर तिच्या झोप न लागण्यावर फोडू नये.

गर्भ गर्भाशयात सोडला, म्हणजे ट्रान्सफर झाली, की नंतरचे दिवस तर आणखी कठीण. प्रोजेस्टेरॉन योनिमार्गे घेतलं की औषध बरंचसं थेट गर्भाशयात पोचतं, रक्तात त्या मानाने कमी दिसतं. रिपोर्टवर ते पुन्हा ठळक छापून येतं. कमी वाटलं तर डॉक्टर औषध वाढवतात, एवढंच. बीजं काढण्याआधीच्या ट्रिगरच्या इंजेक्शनमध्ये एच.सी.जी. असेल आणि घाईने घरी टेस्ट केली, तर दिसणारी दुसरी रेघ त्या इंजेक्शनचीच असू शकते. आणि बीटा, म्हणजे रक्तातली एच.सी.जी.ची तपासणी, पॉझिटिव्ह आली तरी डॉक्टर लगेच पेढे वाटू देत नाहीत. बहुधा दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावतात, कारण आकडा किती आहे यापेक्षा तो कसा वाढतोय ते बघायचं असतं. त्या दोन दिवसांत ती काळजी करणारच. करू दे तिला.