‘नंतर’ या शब्दाचा घोळ

मराठीत शांतता म्हणजे गप्प बसणंही. मास्तर वर्गात असेपर्यंत असते, ती. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नेमकी हीच खोच हेरली. गोळीबार थांबणं ही एक शांतता. ज्या अन्यायातून बंदुका निघतात तो मिटणं ही दुसरी. या दुसरीसाठी 1970च्या दशकाच्या मध्यात त्यांनी शांतता-बांधणीची कल्पना मांडली. युद्ध झाल्याशिवाय ती सुरू करायची नाही, असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं.

‘नंतर’ हा शब्द तिला चिकटला 1992 मध्ये. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांच्या ‘अजेंडा फॉर पीस’ अहवालात बांधणीला जागा मिळाली, पण संघर्ष संपल्यावरची. शीतयुद्ध नुकतंच सरलेलं, उत्साह दांडगा. तह, सैन्य, निवडणूक, की मांडव उतरवायला मोकळे. त्याच वर्षी सप्टेंबरात अंगोलात मतदान झालं. मागे पडलेले बंडखोर नेते साविंबी यांनी निकाल झिडकारला आणि देश पुन्हा पेटला.

लायबेरियात तर 1997 मध्ये लोकांनी बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर यालाच सुमारे 75 टक्के मतं दिली. याला वेडेपणा म्हणवत नाही. हरला तर पुन्हा जंगलात शिरेल, हा धास्तावलेल्या माणसांचा हिशेब होता. तो जिंकला, आणि 1999 मध्ये युद्ध परतलंच.

2003च्या वाटाघाटी घानात, अक्रा शहरात रेंगाळल्या. तेव्हा पांढरे टी-शर्ट घातलेल्या लायबेरियन बायका सभागृहाच्या दाराशीच ठाण मांडून बसल्या. करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. पहारेकरी पकडायला आले तशा त्यांच्या पुढारी लेमा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे तिथे पाहणाऱ्याला शाप. पहारेकरी मागे हटले. ऑगस्टमध्ये सह्या झाल्या.

डिसेंबरात शस्त्रं जमा करणं सुरू झालं. बंदूक किंवा 150 काडतुसं आणून द्या, दोन हप्त्यांत 300 डॉलर घ्या. पहिल्याच केंद्रावर अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली आणि दंगल उसळली. अखेर नोंदले गेले लाखाच्या वर लोक, बंदुका मात्र 28 हजारांच्या आसपास. यात लबाडी होतीच, पण ज्या देशात लढण्याखेरीज रोजगार उरला नव्हता, तिथे ती रांग मला नोकरीच्या अर्जांची वाटते. आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला 2007 पासून नऊ वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियात तैनात होत्या. तह 2003चा, तरी त्यांची गरज संपत नव्हती.

2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतता-बांधणी आयोग नेमला. शांतता युद्धाआधी, युद्ध चालू असताना आणि नंतरही जपावी लागते, हे कागदावर यायला 2016चे ठराव उजाडले. गाल्टुंगांपाशी परतायला चाळीस वर्षं लागली.

लायबेरियात 2018 मध्ये सत्ता शांतपणे हस्तांतरित झाली, शांतिसेनाही निघून गेली. राहिला तो न्याय. सत्यशोधन आयोगाने 2009 मध्येच खास न्यायालय मागितलं होतं. त्यासाठीचं कार्यालय स्थापण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला मे 2024 मध्ये. 1990 साली तेव्हाचे अध्यक्ष डो यांचा छळ चालू असताना समोर बिअर पीत बसलेला बंडखोर नेता प्रिन्स जॉन्सन चित्रफितीत अख्ख्या देशाने पाहिला होता. निम्बा परगण्यात मात्र तो अनेकांना तारणहार वाटे; 2006 पासून तिथूनच तो सिनेटर होता. नोव्हेंबर 2024 मध्ये तो वारला, सिनेटर म्हणूनच.