कार्डातला बंद संगणक

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बघणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते: बाकी सगळे चालते, वायफाय तेवढे चालत नाही. स्क्रीन उजळते, आवाज येतो, टचपॅडही बिनतक्रार सरकतो, पण कोपऱ्यातल्या यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे एकही नेटवर्क दिसत नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर. शेवटी फोन वायरने जोडायचा, त्याचा डेटा वापरायचा आणि पुढची खटपट करायची. एवढे झाल्यावर निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो, की लिनक्स काही सामान्य माणसाच्या कामाचे नाही. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. त्यात भलत्यालाच आरोपी केलेले आहे.

विंडोजवर तेच कार्ड मुकाट चालते, पण त्यात विंडोजची फारशी कर्तबगारी नाही. ड्रायव्हर लिहिते ती चिप बनवणारी कंपनी, आणि लॅपटॉप विकणारी कंपनी तो आधीच भरून देते. चिपमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा, कोणत्या क्रमाने टाकला की रेडिओ जागा होतो, हे त्या कंपनीच्या दस्तऐवजात लिहिलेले असते. तो दस्तऐवज गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही, आणि सही केली की त्यातून शिकलेले उघड करता येत नाही. ज्या प्रणालीचा सगळा कोड जगासमोर असतो, तिच्यासाठी लिहिणाऱ्याने अशी सही करायची तरी कशी? म्हणजे पैसे मोजून कार्ड आपण घेतले, पण ते चालते कसे हे विक्रेत्याने सांगितलेले नाही. अडचण लिनक्स अवघड असण्याची नसून माहिती दाबून ठेवण्याची आहे.

या दडपणुकीचे जुने उदाहरण म्हणजे ब्रॉडकॉमची चिप. २००० नंतरच्या दशकात ती असंख्य लॅपटॉपांत असे आणि लिनक्ससाठी बरीच वर्षे कंपनीकडून ना ड्रायव्हर मिळे, ना माहिती. लोकांनी आधी आडवाट शोधली. ‘एनडिसरॅपर’ नावाचा एक प्रोग्रॅम विंडोजसाठीचा बंद ड्रायव्हर उचलून थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चालवायचा. चालायचेही, पण आत नेमके काय चालले आहे हे कुणालाच ठाऊक नसायचे, आणि मशीन गोठले तर दुरुस्ती कुणी करायची हाही प्रश्नच. गरज भागली, एवढेच म्हणायचे.

खरे काम दुसरीकडे चालले होते. काही जणांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलायला घेतला. उकलायचा म्हणजे त्यातल्या यंत्रभाषेच्या सूचना ओळीओळीने वाचायच्या, कार्डाला तो कधी काय सांगतो ते टिपायचे आणि साध्या इंग्रजीत वर्णन लिहून काढायचे. यांनी ड्रायव्हर लिहायचा नाही, असा कडक नियम. ड्रायव्हर लिहिणारे दुसरेच लोक, आणि त्यांनी मूळ कोडकडे ढुंकूनही बघायचे नाही. समोर फक्त ते वर्णन. उद्या कोणी चोरीचा आरोप केला तर लिहिणाऱ्यांनी मूळ कोड पाहिलेलाच नाही हे दाखवता यावे, म्हणून हा सोवळेपणा. एकाच घरात राहून एकमेकांशी फक्त चिठ्ठीने बोलणाऱ्या भावांसारखा हा प्रकार. त्यातून तयार झालेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. पुढे त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘बी४३’ या नावाने रूढ झाली.

एवढे करूनही कार्ड लगेच चालत नसेच. कर्नलच्या नोंदींत एक ओळ यायची: ‘बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू’ ही फाइल सापडली नाही. सगळ्या गोष्टीची मेख या ओळीत आहे. वायफाय कार्ड हा नुसता रेडिओ नसतो, त्यात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो, तो म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की पाटी कोरी, आणि दर वेळी ड्रायव्हरने तो नव्याने भरायचा. ड्रायव्हर लोकांनी पुन्हा लिहिला, पण फर्मवेअर कंपनीच्याच मालकीचे राहिले, आणि ते वाटायची परवानगी नव्हती. तेव्हा ज्याने त्याने कंपनीचा ड्रायव्हर उतरवायचा, ‘एफडब्ल्यूकटर’ नावाच्या साधनाने त्यातून फर्मवेअर कापून काढायचे आणि ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायचे. हे सगळे फोनच्या डेटावर.

कंपन्या वठणीवर आल्या त्या हळूहळू. ॲथेरॉसने २००८ मध्ये ‘ॲथ९के’ हा पूर्ण खुला ड्रायव्हर स्वतः दिला, ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नव्या चिपांसाठी दिला. यात कुणाचे हृदयपरिवर्तन झाले असेल असे मला वाटत नाही. राउटरपासून फोनपर्यंत सगळीकडे लिनक्स पोचले होते आणि त्या बाजारात माल खपवायचा तर ड्रायव्हर द्यावाच लागणार होता. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीचे थिओ डी राट मात्र त्याआधीपासून कंपन्यांच्या मागे लागले होते. मागणी अगदी मोजकी: चिपची कागदपत्रे द्या आणि फर्मवेअर वाटायची परवानगी द्या, ड्रायव्हर आम्ही लिहून घेऊ. मला ही मागणी आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. कंपनीने लिहिलेला ड्रायव्हर कंपनीचा रस संपला की वाऱ्यावर पडतो. कागदपत्रे हातात असली तर दहा वर्षांनी दुसरा कोणी तो सांभाळू शकतो.

पण खुलेपणाची ही बाजी एका मजल्यावर जिंकली जात असताना बंद भाग गुपचूप खालच्या मजल्यावर हलवला जात होता. इंटेलच्या ३९४५ या कार्डाचे उदाहरण घ्या. त्याचा ड्रायव्हर खुला होता, मात्र सोबत एक बंद प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागे, तोही मशीनवरचे सर्वाधिकार देऊन. कोणत्या वारंवारितेवर किती शक्तीने प्रक्षेपण करायचे याची राखण तो करी. लोकांनी आरडाओरडा केला. मग नव्या ड्रायव्हरमध्ये तो प्रोग्रॅम नाहीसा झाला, कारण ती राखण कार्डाच्या फर्मवेअरमध्ये गेली. बंद ते बंदच राहिले. डोळ्यांआड गेले म्हणून बोचेनासे झाले. आज लॅपटॉपवर लिनक्स टाकताच वायफाय सुरू झाले तर त्याचे श्रेय बरेचसे या व्यवस्थेला आहे.

कंपन्यांचे समर्थन असे, की रेडिओवर कायद्याचे बंधन असते. ते खोटे नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. प्रत्येक देशाचे चॅनेल आणि शक्तीच्या मर्यादा वेगळ्या. अमेरिकेत तर राउटर ठरवलेल्या मर्यादेबाहेर चालवता येत होते म्हणून २०१६ मध्ये टीपी-लिंकला दोन लाख डॉलर भरावे लागले. पण कायदा प्रक्षेपणाच्या शक्तीवर आणि वारंवारितेवर बोट ठेवतो, सगळा प्रोग्रॅम कुलपात ठेवा असे म्हणत नाही. ‘ॲथ९के’च्या लॅपटॉपमधल्या कार्डांना असे फर्मवेअर भरावेच लागत नाही, यूएसबीवरच्या एका चिपचे फर्मवेअरही पुढे खुले झाले. त्याने आकाशात काही गोंधळ माजला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या कडव्या पुरस्कर्त्यांशीही माझे इथे पटत नाही. डिस्कवरून भरले जाणारे बंद फर्मवेअर त्यांना निषिद्ध, पण तेच कारखान्यात चिपमध्ये कायमचे कोरले असेल तर ते ‘हार्डवेअर’ म्हणून चालते. हा विटाळाचा हिशेब झाला. २०१७ मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या सुरक्षा-संशोधकांच्या गटाने दाखवून दिले, की ब्रॉडकॉमच्या चिपमधल्या फर्मवेअरच्या भोकातून, वापरणाऱ्याने कशालाही हात न लावता, नुसत्या हवेतून फोनचा ताबा घेता येतो. नवी फाइल पाठवून ते भोक बुजवता आले. कायमचे कोरलेले असते तर?

म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाने जे केले ते मला योग्य वाटते. त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आधी बंद फर्मवेअर नसे. ज्याला हवे त्याने आडबाजूला ठेवलेली अनधिकृत प्रत शोधून काढायची. माहितगाराला ती सापडे. नवखा माणूस मात्र वायफायविना बसून राही, कारण त्याच्या लॅपटॉपला नेटवर्कच्या वायरचे भोकही उरलेले नव्हते. २०२२ मध्ये मतदान होऊन हा नियम बदलला, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असते, पण स्वतंत्र कप्प्यात, आपण काय बसवतो आहोत हे सांगून. तत्त्व सोडले असे म्हणणारे अजून आहेत. मला वाटते, तत्त्वाची किंमत नवख्याच्या खिशातून वसूल करणे थांबले.

याच्या उलट टोकाला फ्रीबीएसडी या आणखी एका खुल्या प्रणालीचे वापरकर्ते. नव्या कार्डांचे ड्रायव्हर त्यांच्याकडे उशिरा येतात, म्हणून काही जण ‘वायफायबॉक्स’ वापरतात: फ्रीबीएसडीच्या पोटात एक छोटेसे लिनक्स चालवायचे आणि वायफाय कार्ड त्याच्या ताब्यात द्यायचे. एक कार्ड जागे करायला दोन प्रणाली.

आपल्याकडे हा विषय लॅपटॉप घेताना कुणाच्या डोक्यातही येत नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी याची चौकशी होते. वायफायची चिप कुणाची हे दुकानदारालाही ठाऊक नसते. ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली तर कळते: १४ई४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. स्वस्त लॅपटॉपांत रिअलटेक भरपूर. त्यातल्या काही चिपांचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये यायला २०१९ नंतरची वर्षे उजाडली. तोवर कर्नल बदलला की वायफाय बंद पडण्याचा खेळ चालू होता. एकट्या गिऱ्हाइकाचा प्रश्न कंपनी ऐकणार नाही, पण केरळसारखे राज्य, जिथे सरकारी शाळांत वर्षानुवर्षे लिनक्सच चालते, ते निविदेत अट घालू शकते. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांसाठी होणाऱ्या खरेदीतही एक ओळ वाढवायला हरकत नसावी: वायफायचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असला पाहिजे.

आजवर एक तोडगा हाताशी होता. मागचे झाकण उघडायचे, एक स्क्रू काढायचा, काळी आणि पांढरी अशा अँटेनाच्या दोन बारीक वायरी नखाने उचकटायच्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दुसरे कार्ड बसवायचे. काही कंपन्यांनी बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी घालून हाही रस्ता अडवला होता. आता पुष्कळ पातळ लॅपटॉपांत वायफाय मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असते. इंटेलच्या काही कार्डांत कामाचा अर्धा भाग चिपसेटमध्ये गेला आहे, ते कार्ड दुसऱ्या जातीच्या मशीनमध्ये चालतच नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा चर्चा सुट्या भागांची आणि माहितीपुस्तिकांची होती. सुटा भागच उरला नाही तर दुरुस्ती फक्त माहितीच्या जोरावर होणार, आणि त्या माहितीत चिपच्या रजिस्टरांचा तक्ता धरायचा की नाही, हे आता ठरवायला हवे.