दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी जाताना

शंका : आमची मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात शिकते. आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. आवारातलं जुनं कॅथलिक चर्च आम्हाला दाखवायची तिची फार इच्छा आहे. आम्ही वारकरी घरातले, गळ्यात तुळशीची माळ. आम्ही आत गेलेलं चालेल का?
— एक वाचक भगिनी, सातारा

समाधान : ताई, निःसंकोच जा आणि माळ लपवू नका. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं. येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेल्या आजच्या चर्चचं समर्पण १८८८ मध्ये झालं आणि १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला बॅसिलिकेचा दर्जा दिला. आतली चित्रं लुईजी ग्रेगोरी या इटालियन चित्रकाराची आहेत, खिडक्यांच्या रंगीत काचा फ्रान्समधून आलेल्या. ते सगळं डोळे भरून पाहा. मात्र ही वास्तू नुसती पाहण्यासाठी जपून ठेवलेली नाही. तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना होते आणि लोक प्रार्थनेला येतात. आपण त्यांच्या प्रार्थनेच्या जागी पाहुणे आहोत, एवढं भान ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं.

शंका : चपला बाहेर काढायच्या का? कुठे वाकायचं, कुठे गुडघे टेकायचे? फोटो काढावेत का?

समाधान : तिथे पादत्राणं घालूनच आत जातात. यजमानांच्या डोक्यावर टोपी असेल तर ती मात्र दारातच काढायला सांगा. खांदे झाकलेला साधा पोशाख असावा, साडी तर उत्तमच. दाराशी पवित्र पाण्याचं पात्र असतं. त्यात बोटं बुडवून स्वतःवर क्रुसाची खूण करणं ही बाप्तिस्म्याची आठवण असते, म्हणून आपण ती करू नये. वेदीच्या बाजूला लहानशी पेटी असते आणि तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते, म्हणून कॅथलिक माणूस तिच्यासमोर एक गुडघा टेकतो. तुम्ही नुसती मान लववलीत तरी पुरे. मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहा, गुडघे टेकले की शांत बसून राहा. तेवढा वेळ फोन पिशवीतच असू द्या.

शंका : मिस्सामध्ये सगळे रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात म्हणे. आम्ही बसून राहिलो तर तो अपमान नाही का होणार? प्रसाद नाकारू नये असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलंय.

समाधान : तुमची शिकवण खरी आहे, पण इथे ती लागू होत नाही. आपला प्रसाद येईल त्याच्या हातावर ठेवतात, जात-धर्म विचारत नाहीत. कम्युनियनचं, म्हणजे रांगेत मिळणाऱ्या त्या पवित्र भाकरीचं, तसं नाही. मिस्सामध्ये ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. धर्मगुरू ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणून ती पुढे करतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे ‘होय, मी हे मानतो’ अशी ग्वाही देतो. त्यांची मुलंही आधी शिकवणूक घेतात, पापनिवेदन करतात आणि मगच पहिलं कम्युनियन घेतात. मनाची तयारी नसेल त्या दिवशी कित्येक कॅथलिकही बाकावरच बसून राहतात. तेव्हा तुमच्या बसण्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहणार नाही. आपल्याला मान्य नसलेल्या गोष्टीला केवळ भिडेखातर ‘आमेन’ म्हणणं, हाच त्यांच्या श्रद्धेचा खरा अवमान ठरेल. रांगेत जावंसंच वाटलं तर दोन्ही हात छातीवर दुमडून उभं राहायची तिथे रीत आहे. मग धर्मगुरू भाकर न देता आशीर्वाद देतात.

शंका : चर्चमागच्या गुहेत मुलगी परीक्षेआधी मेणबत्ती लावते. मलाही तिच्यासाठी लावावीशी वाटते. हे म्हणतात, माळकऱ्याला हे शोभत नाही.

समाधान : ती गुहा १८९६ ची. फ्रान्समध्ये लूर्दला जिथे मरियामातेचं दर्शन झालं असं मानतात, त्या गुहेची ती छोटी प्रतिकृती आहे. आपल्या वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत हिंदू आयाबायाही मेणबत्त्या घेऊन जातातच की. मेणबत्ती लावण्याला धर्माची अट नाही आणि त्याने तुमची माळ बाटत नाही. लेकीचं भलं विठोबाकडेच मागा, मनातल्या मनात. पण हळदकुंकू, उदबत्ती तिथे नको. मेणबत्तीचे पैसे पेटीत टाकायला विसरू नका. ह्यांना मात्र आग्रह करू नका. त्यांचं मन घेत नसेल तर त्यांनी बाजूला थांबावं, त्यात कमीपणा नाही. न पटता हात जोडण्यापेक्षा ते बरं. तुम्ही मेणबत्ती लावावी, त्यांनी लावू नये आणि त्यावरून लेकीसमोर वाद घालू नये, एवढंच माझं सांगणं.